बंडीचा आतला खिसा

थाप मारायचीच तर ती आपल्या मापाची मारावी, हे गुरुबसप्पाला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीही कुणी शिकवलं नव्हतं. लातूरच्या गंजगोलाईत त्याचं भांड्यांचं दुकान. तिथे त्याने कधी जर्मनचं पातेलं स्टीलचं म्हणून खपवलं नाही, की गिऱ्हाइकाला पोचे काढलेली कळशी नवी म्हणून दिली नाही. अशा माणसावर खोटं बोलायची वेळ आली की त्याची फार पंचाईत होते. त्याला मोजकं खोटं बोलता येत नाही. "अप्पा, शनिवारी नांदेडला चाललोय. सोमेशसाठी पोरगी बघायला," असं तो वडिलांना बोलून गेला आणि बोलल्याबरोबर त्याच्या लक्षात आलं की आपण साध्या कामाला जातोय एवढं म्हणालो असतो तरी भागलं असतं.

"मी बी येतो," मल्लिनाथअप्पा म्हणाले. ब्याऐंशी वर्षांचे अप्पा गेल्या दिवाळीपासून गल्लीच्या टोकापर्यंतही गेले नव्हते.

खरी गोष्ट घरात तिघांनाच माहीत होती. सोमेशचं मागच्या महिन्यात ऑपरेशन झालं, ते अप्पांना आणि साऱ्या गल्लीला हर्नियाचं म्हणून सांगितलं होतं. ते हर्नियाचं नव्हतं. एका अंडकोषात गाठ होती, ती कॅन्सरची निघाली आणि डॉक्टरांनी ती बाजूच काढून टाकली. वेळेवर सापडलंय, यातले बहुतेक जण चांगले खडखडीत बरे होतात, असं डॉक्टर म्हणाले. पण पोटातल्या गाठींना थोडी लागण दिसत होती, म्हणून सोमवारपासून कीमो सुरू करायची होती, ती तीन-चार महिने चालणार होती. मग त्यांनी चष्मा काढून विचारलं, "लग्न झालंय का?"

सोमेश सत्तावीस वर्षांचा. कोचिंग क्लासमध्ये पोरांना फिजिक्स शिकवायचा. त्याने नाही म्हटलं. तेव्हा डॉक्टरांनी समजावून सांगितलं की कीमोनं पुरुषाचं बीज तयार होणं मंदावतं, कधी पार थांबतं. कुणाचं दोन-चार वर्षांनी पूर्ववत होतं, कुणाचं होत नाही, आणि आपला नंबर कुणात लागेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून औषध चढायच्या आधी नमुना देऊन तो गोठवून ठेवायचा. नायट्रोजनच्या टाकीत तो वर्षानुवर्षं टिकतो. उद्या लग्न झालं, मूल हवं झालं, तर तो कामाला येतो.

हे सगळं चाललं असताना गुरुबसप्पा भिंतीवरचं औषध कंपनीचं कॅलेंडर वाचत होता. विचारायचं ते सगळं त्याच्या बायकोने, शिवगंगाने विचारलं. बाप म्हणून आपण दोन शब्द तरी बोलायला हवे होते, ही टोचणी त्याला तेव्हापासून लागली होती.

लातुरात असलं सेंटर नव्हतं असं नाही. पण ते ज्या इमारतीत होतं तिच्या खालीच शिवगंगाच्या भावाचं मेडिकल, आणि वर काउंटरवर बसणारी बाई दर दसऱ्याला गुरुबसप्पाच्या दुकानातून डबे नेणारी. लातुरात गुरुबसप्पाच्या दुकानातलं भांडं नसलेलं घर सापडणं अवघड. म्हणून नांदेड ठरलं. आणि अप्पांना सांगायचं नाही हे तर न बोलताच ठरलं होतं. गुरुबसप्पाची आई याच आजाराने गेली. त्यानंतर अप्पांनी दुकानाची चावी मुलाच्या हातात ठेवली ती ठेवलीच, आणि त्या आजाराचं नाव पुन्हा त्या घरात कुणी घेतलं नाही.

गुरुबसप्पाने नांदेडच्या बहिणीला, शिवकन्येला, फोन केला खरा. पण बहिणीला तरी काय सांगणार? घसा खाकरून तो एवढंच म्हणाला, की आम्ही पोरगी बघायला येतोय असं समज, कुणी विचारलं तर तेच सांग. शिवकन्या म्हणाली, "तू काळजीच करू नको दादा." हे ऐकून त्याला हायसं वाटलं. इथे तो चुकला.

शनिवारी सकाळी अप्पा पांढरं धोतर, कोट आणि फेटा चढवून सगळ्यांच्या आधी गाडीत बसले. अहमदपूरपर्यंत त्यांचा डोळा लागला. लोह्याला चहाला थांबले तेव्हा बशी ओठाशी नेत त्यांनी विचारलं, पोरगी कुणाची, गाव कोणतं, घरात लिंगपूजा रोज होते की सणावारी. गुरुबसप्पा प्रत्येक प्रश्नाला "शिवकन्येला ठावं" म्हणत राहिला. मागच्या सीटवर सोमेश खिडकीकडे तोंड करून हसत होता. महिन्याभरात पोरगं पहिल्यांदा हसलं म्हणून शिवगंगाने नवऱ्याच्या खोट्याला तेवढ्यापुरतं माफ केलं.

शिवकन्येच्या दारात रांगोळी होती. आतून फोडणीचा वास येत होता. तिने भावाला स्वयंपाकघरात ओढलं आणि अभिमानाने सांगितलं, "आणली बघ."

"काय आणलीस?"

"पोरगी. मुदखेडची मंजुश्री. एमएस्सी झालीय. दुपारी आईला घेऊन येती. आता तू शनिवारचं म्हणालास, चार दिवसांत कुठनं आणायची? पण मी बी तुझीच बहीण हाय."

गुरुबसप्पा पिठाच्या डब्यावर बसला. तो डबा त्याच्याच दुकानातला होता, म्हणून टिकला. शिवगंगा दारात उभी होती. तिने नवऱ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर या संसारात त्याने दोन-चारदाच पाहिली होती. मग ती नणंदेला म्हणाली की ह्यांना आणि सोमेशला एका मित्राकडे जाऊन यायचंय, दुपारपर्यंत येतील.

सेंटरवाल्यांनी चारच्या आत नमुना द्या असं बजावलं होतं. रविवारी बंद, सोमवारी कीमो. म्हणजे आज झालं तर झालं.

सेंटरमधली पूनम सिस्टर अगदी मोकळी बाई होती. तिने सोमेशच्या सह्या घेतल्या, ओळखपत्र बघितलं, प्लॅस्टिकची एक डबी हातात दिली आणि कोपऱ्यातली खोली दाखवली. गुरुबसप्पाने आधी ती डबी मागून घेतली, झाकण फिरवून बघितलं, उलटी करून कानाजवळ हलवली. दुकानात कुठलाही डबा तो असाच तपासायचा. झाकण चांगलं बसतंय असं म्हणून त्याने ती मुलाला परत दिली. खोलीबाहेर भिंतीला टेकून खुर्ची होती. मुलाला एकटं वाटू नये म्हणून तो तिच्यावर बसला.

बसल्यावर त्याला खोकला आला. मग दुसऱ्यांदा आला. थोड्या वेळाने, आपण काहीच बोलत नाही हे बरं दिसत नाही असं वाटून त्याने दाराला बोटाने टकटक केलं आणि विचारलं, "सोमेश, काही लागतंय का?"

पुन्हा काही वेळाने त्याने पंखा चालू आहे का ते विचारलं.

सोमेश बाहेर आला तेव्हा कानापर्यंत लाल झाला होता आणि डबी रिकामी होती. त्याने बापाकडे न बघता सिस्टरला सांगितलं की जमत नाही. सिस्टरला त्याचं काही विशेष वाटलं नाही. कितीतरी जणांचं असं होतं, आजारपण असतं, मनावर ओझं असतं, ती म्हणाली, आणि तिने ओझ्याकडे एक नजर टाकली. जवळ घर असेल तर घरी जा. निवांत व्हा. मात्र डबी अर्ध्या-पाऊण तासात इथे पोचली पाहिजे, आणि ती अंगाच्या उबेत आणायची. पिशवीत नाही, हातात नाही, कपड्याच्या आत, अंगाला लागून. सही झालीच आहे, घरचं कुणीही आणून दिलं तरी चालेल.

परतीच्या वाटेवर गुरुबसप्पाने तीन वेळा तोंड उघडलं. शेवटी तो म्हणाला, "मी खोकायला नको होतं."

"जाऊ द्या, बाबा," सोमेश म्हणाला.

शिवकन्येच्या अरुंद गल्लीत पाहुण्यांची जीप त्यांच्या गाडीच्या मागे येऊन अशी लागली की आता कुणालाच कुठे जाता येईना. बैठकीत मुलीची आई उमाबाई, अप्पा, शिवकन्या आणि तिचा नवरा मलप्पा बसले होते. मंजुश्रीने पोह्यांच्या बशा फिरवल्या. ती अंगाने काटक, बोलायला सरळ होती, आणि आपल्याला इथे का आणलंय हे आपल्यालाही नीट ठाऊक नाही असा तिचा चेहरा होता. अप्पांनी तिला शिक्षण विचारलं, गावात पाणी किती दिवसांआड येतं ते विचारलं, आणि ती उत्तरं देत असताना सोमेश पुन्हा पुन्हा घड्याळाकडे बघतोय हे उमाबाईंनी टिपलं. मुलगा अस्वस्थ दिसतोय, असं त्या शिवकन्येला हळूच म्हणाल्या. घरात पाच खोल्या आणि प्रत्येक खोलीत कुणी ना कुणी. रिकामी होती ती फक्त गच्चीवरची खोली.

आणि तेवढ्यात शिवकन्येने, ज्याला त्याला आपापल्या मार्गाला लावायची हौस असलेल्या बाईने, जाहीर केलं, "आता दोघांना बोलू द्या. जा ग मंजुश्री, गच्चीवर जावा. तिथं कुणी येत न्हाई."

सोमेशने आईकडे बघितलं. शिवगंगाने डोळ्यांनीच जा म्हटलं. दोघं जिना चढून गेले.

गुरुबसप्पाचा जीव आता दोन्ही बाजूंनी टांगणीला लागला. गच्ची होती, पण गच्चीवर पोरगी होती. डबी सोमेशच्या खिशात होती. खाली अप्पा आपल्या लग्नाची हकीकत सांगत होते आणि पुढ्यातले पोहे तसेच गार झाले होते. बराच वेळ गेला. वरून कुणी उतरेना. शिवकन्येच्या चेहऱ्यावर समाधान पसरत चाललं. "लई वेळ बोलायलेत," ती उमाबाईंना म्हणाली आणि मलप्पाला पेढे आणायला पिटाळायच्या विचारात पडली. उमाबाईही जरा सैल होऊन पाठीला तक्क्या घेऊन बसल्या. अप्पा म्हणाले की त्यांच्या वेळी तर तोंडसुद्धा बघितलं नव्हतं, तरी निभावलं.

शेवटी गुरुबसप्पा उठला. पाणी प्यायचं निमित्त करून तो जिना चढला. वरच्या पायरीवर मंजुश्री एकटीच बसली होती, मांडीवर मोबाईल, पाठीमागे खोलीचं बंद दार. त्याला बघून ती उठली नाही, उलट दोन्ही पाय पसरून तिने वाट अडवली.

"काका, तुम्ही खाली जावा," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यांनी मला सगळं सांगितलंय. तुम्ही दारात बसलात म्हणून सकाळी जमलं न्हाई म्हणे."

गुरुबसप्पाला त्या क्षणी जिन्यासकट खाली जावंसं वाटलं. एका परक्या पोरीने आपल्या मुलाच्या असल्या कामावर पहारा द्यावा आणि आपल्याला तिथून घालवून द्यावं, असा प्रसंग त्याच्या सात पिढ्यांत कुणावर आला नसेल. तरी त्याला त्या पोरीचा रागही येईना. त्याने विचारलं, "तुला वाईट वाटलं का?"

"आधी वाटलं," ती म्हणाली. "मग म्हटलं, पोरगी बघायला आलेल्यात पहिल्यांदाच कुणीतरी खरं बोललं. जावा आता. कुणी आलं तर मी सांगती, आमचं बोलणं चालू हाय."

तो चार पायऱ्या उतरून थांबला. आणि थोड्याच वेळात वर कडी वाजली. सोमेश खाली आला, बापाच्या हातात डबी ठेवली आणि एवढंच म्हणाला, "बाबा, मला टाक्यांमुळं स्कूटीवर बसता येणार न्हाई. गाडी तर अडकलीय. तुम्हीच जावा." आणि जरा थांबून, "घट्ट लावलंय झाकण."

लिंगायताच्या छातीवर इष्टलिंग असतं. गुरुबसप्पाचं चांदीच्या डबीत, दोऱ्याने गळ्यात होतं. दिवसभर वाकून भांडी उचलताना ते लोंबकळू नये म्हणून त्याने शिंप्याकडून बंडीला आतून, डाव्या बाजूला, छोटा खिसा शिवून घेतला होता. ती चांदीची डबी त्यात बसायची. अंगाला लागून, कपड्याच्या आत असा दुसरा खिसा त्याच्याकडे नव्हता. जिन्याच्या वळणावर उभं राहून त्याने क्षणभर विचार केला. दोन्ही एका खिशात? मग त्याने प्लॅस्टिकची डबी लिंगाशेजारी सारली, सदऱ्याची बटणं लावली आणि वरून तळहात दाबून धरला.

मलप्पाच्या स्कूटीची चावी दाराजवळच्या खिळ्याला होती. बैठकीला वळसा घालून तो बाहेर ओट्यावर पोचला. पायांत चप्पल घालतोय तोच मागून काठी आपटली.

"गुरू."

अप्पा बैठकीतून उठून त्याच्या पाठोपाठ आले होते. त्यांची नजर मुलाच्या छातीवर, त्या दाबून धरलेल्या हातावर खिळली होती. चेहरा उतरला होता. "दोरा तुटला का?" त्यांनी विचारलं. "लिंग पडलं का रे?"

त्या घरात लिंग पडणं म्हणजे केवढा अनर्थ, हे गुरुबसप्पाला लहानपणापासून माहीत होतं.

"न्हाई, अप्पा. जागेवर हाय."

"मग छाती कशाला धरून राहिलास? दाखव."

"अप्पा, मला उशीर होतोय."

"दाखव."

शिवगंगा दारात आली होती. तिने आपल्यामागचं दार ओढून घेतलं आणि बैठकीचे आवाज बंद झाले. गुरुबसप्पाने बायकोकडे पाहिलं. आज तिने त्याच्यासाठी बोलायचं नाही असं ठरवलेलं दिसत होतं. त्याने सदऱ्याची आणि बंडीची बटणं काढली. चांदीच्या डबीशेजारी पांढरं झाकण.

"सोमेशला हर्निया नव्हता, अप्पा," तो म्हणाला. "आईला झालं होतं तेच. जागा येगळी हाय, पण नाव तेच. सोमवारपासून औषध चढवायलेत."

अप्पा हळूच ओट्याच्या कठड्यावर टेकले. काठी त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरली. गुरुबसप्पाला वाटलं, आता हे कोसळणार. हेच टाळण्यासाठी त्याने एवढं सगळं रामायण रचलं होतं.

"तुझ्या आईच्या येळंला," अप्पा म्हणाले, "डॉक्टर माझ्याकडं बघतच नव्हता. कागदाकडं बघून बोलायचा. तवाच मला कळलं होतं. ह्या डॉक्टरनं तुझ्याकडं बघितलं का?"

गुरुबसप्पाला आठवलं, डॉक्टरांनी बघितलं होतं. कॅलेंडरकडे बघत होतो ते आपणच. "बघितलं," तो म्हणाला. "हसला बी."

"मग पोरगं जगतंय." अप्पांनी फेट्याच्या टोकाने डोळे पुसले. "आणि हे काय?"

आता मात्र पळवाट नव्हती. डॉक्टरांच्या खोलीत जे बोलता आलं नव्हतं, बहिणीला फोनवर सांगता आलं नव्हतं, मुलाजवळ गाडीत तीनदा अडलं होतं, ते गुरुबसप्पाने भर ओट्यावर, बापाला, सरळ शब्दांत सांगितलं. ह्या औषधानं पुढं लेकरं होण्याचं बंद पडू शकतं. म्हणून आधीच काढून गोठवून ठेवायचं. चारच्या आत पोचवायचं, अंगाच्या उबेत. "दुसरा खिसा न्हाई, अप्पा. म्हणून लिंगाला लागून ठेवलं. विटाळ झाला असंल तर तुम्ही सांगा, मी प्रायश्चित्त घेतो. पण आधी हे पोचवू द्या."

अप्पांनी मान वर केली. त्यांना राग आला होता, पण तो भलत्याच गोष्टीचा.

"कसला विटाळ? लिंग घालणाऱ्याला विटाळ न्हाई, हे तुला दीक्षेच्या दिवशीच स्वामींनी सांगितलंय. तू ध्यान कुठं ठेवलं होतंस? भांड्यात?" ते उठले. "आपल्यात लेकराला आठव्या महिन्यात, आईच्या पोटात असतानाच लिंग मिळतं. तू होतास तवा तुझ्या आईला बांधलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. ह्याला जरा आधी मिळालं, एवढंच. बटणं लाव, गार लागंल."

गुरुबसप्पाने बटणं लावली. त्याला रडू येत होतं आणि ते लपवायचंही त्याच्या लक्षात आलं नाही. त्याने स्कूटी काढली, चावी फिरवली. तेवढ्यात मागचं चाक दबलं. अप्पा धोतर सावरून एका बाजूला पाय सोडून मागे बसले होते. काठी त्यांनी शिवगंगाच्या हातात दिली होती आणि ती हसत होती.

दार उघडून शिवकन्या बाहेर आली. तिच्यामागे जिन्यावर मंजुश्री होती, आणि ती उमाबाईंना सांगत होती की बोलणं चांगलं झालंय, पण आता चार महिने कुणी काही विचारायचं नाही. शिवकन्येला इकडे बघावं की तिकडे तेच कळेना. "अप्पा, पाहुणे बसलेत आणि तुम्ही कुठं निघालात?"

"पणतू गावाला निघालाय," अप्पा म्हणाले. "पहिलीच खेप हाय. घरातलं कुणी थोरलं बरोबर नको?"

स्कूटी गल्लीतून, जीपच्या कडेने हळूहळू बाहेर पडली. मोठ्या रस्त्याला लागताना मागून अप्पांचा सुरकुतलेला हात पुढे आला आणि मुलाच्या छातीवर, त्या खिशावर, येऊन बसला.

"खड्डं चुकव," ते म्हणाले. "मी धरलंय."